दोघांचा एक, एकीच्या दोघी

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या मराठी कुटुंबाचा शोध घेऊ लागले, की कागद मिळत नाहीत अशी तक्रार प्रथम ऐकू येते. ती खरी आहेच. पण आमच्या मते त्याहून गंभीर प्रश्न मिळालेल्या कागदाचा आहे. कागदावरील व्यक्ती आपण शोधतो आहोत तीच, हे कशावरून ठरवायचे? नाव जुळले की माणूस सापडला, असे आपण सहज गृहीत धरतो. वसाहतकालीन साधनांच्या बाबतीत हे गृहीतक फार फसवे ठरते.

एक उदाहरण घेऊ. इंग्रजी कागदपत्रांत ‘जी. व्ही. जोशी’ हे नाव आढळले, तर ते कोणाचे समजावे? सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी हे 1870 मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ. गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षण खात्यात नोकरी केलेले अर्थचिंतक. सभेच्या त्रैमासिकाशी त्यांचाही संबंध. तिसरे गोपाळ विनायक जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, टपाल खात्यातील नोकरदार. आडनाव एक, काळ जवळपास एक, आणि तिघांच्याही चरित्रात न्यायमूर्ती रानडे यांचे नाव येते. मराठीत ग. वा., ग. व्यं. आणि गो. वि. अशी आद्याक्षरे लिहिली, तर घोटाळ्याला जागाच उरत नाही. रोमन लिपीत मात्र तिघांचीही आद्याक्षरे एकच होतात. सरकारी सोयीसाठी रूढ झालेल्या या लेखनपद्धतीने भिन्न माणसांची एक व्यक्ती करून टाकली, आणि आपण ग्रंथसूचींतून ती तशीच पुढे चालवतो.

हा गुंता सोडवण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. सार्वजनिक काका 1880 मध्ये वारले. तेव्हा 1890 च्या पंचहौद मिशनमधील चहा प्रकरणात ज्या जोशींचे नाव येते, ते काका असणे शक्य नाही; ते गोपाळराव होत. गणेश व्यंकटेश 1911 पर्यंत हयात होते; त्यामुळे 1880 नंतरच्या आर्थिक विषयांवरील लेखनाच्या संदर्भात त्यांचा विचार प्रथम करावा लागतो. मृत्यूचे वर्ष, गाव, व्यवसाय आणि सोबतच्या माणसांची नावे एवढ्यावर निम्मे प्रश्न सुटतात. पण त्यासाठी ‘हा तोच’ हे सिद्ध करण्याआधी ‘हा तो नव्हे’ असे म्हणण्याची तयारी हवी.

पुरुषांच्या बाबतीत दोघा-तिघांचा एक होतो. स्त्रियांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. एकाच स्त्रीच्या दोघी-तिघी होतात. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. रमाबाई रानडे यांचे माहेरचे नावही यमुना, आडनाव कुर्लेकर. आनंदीबाईंचे माहेर आणि सासर दोन्ही जोशीच, त्यामुळे आडनावावरून काहीच उलगडत नाही. आणखी एक आनंदीबाई म्हणजे ‘माझे पुराण’ या आत्मचरित्राच्या लेखिका. त्या माहेरच्या गोदूबाई जोशी, पहिल्या विवाहाने नातू, आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे. जोशांच्या वंशावळीत त्या गोदूबाई, नातूंच्या घरात विधवा सून आणि कर्व्यांकडे आनंदीबाई. तीन कुळांचे वृत्तांत स्वतंत्रपणे वाचणाऱ्याला तीन स्त्रिया दिसतील. आत्मचरित्र लिहिले म्हणून त्यांचे तीन तुकडे आपल्याला जोडता येतात. ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्या असंख्य स्त्रिया एका वंशावळीतून बाहेर पडून दुसरीत नवे नाव घेऊन येतात, आणि मधला दुवा कुठेही नोंदलेला नसतो.

या काळात भारतातील युरोपीय कुटुंबांचे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदींच्या प्रती लंडनला जात. आज तेथील वंशसंशोधक त्यांवर विसंबू शकतात. आपल्याकडे तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इनाम कमिशनपुढे मांडलेल्या कैफियती, कुलवृत्तांत आणि घरातल्या आठवणी हीच मुख्य साधने. कैफियतीतील वंशावळ वतनाचा वा इनामाचा हक्क सांगण्यासाठी लिहिलेली असते; तिथे लेकीसुनांची नावे गाळली जाणे हा अपघात नव्हे, ती त्या कागदाच्या हेतूतूनच येणारी गोष्ट आहे. कागद काय सांगतो याबरोबरच तो कशासाठी लिहिला गेला, हे विचारणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे. पाठभेद तपासताना आपण जी शिस्त पाळतो, ती माणसांच्या नावांबाबत का सोडावी?

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रबंधात वा सूचीत एकोणिसाव्या शतकातील व्यक्तीचा पहिला उल्लेख पूर्ण नावाने, वडिलांच्या वा पतीच्या नावासह आणि जन्ममृत्यूच्या वर्षांसह व्हावा. आणि एखादी व्यक्ती निश्चित करताना कोणती नावे कोणत्या कारणाने वगळली, हेही नोंदवावे. दुसरे, नव्याने निघणाऱ्या कुलवृत्तांतांत प्रत्येक स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे नाव एकत्र छापावे, आणि पुनर्विवाह असल्यास तोही न लपवता द्यावा. संपादकांना याचे चार ओळींचे जादा काम पडेल. ते न केल्यास एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत राहील, आणि आपल्याच पणज्या आपल्याला अनोळखी राहतील.