पारावरचं भजन घरात गेलं, की संशय वाढतो

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जो एकदा गेलाय, त्याला जास्त सांगायला नको. सप्टेंबरात, मरियेच्या 8 तारखेच्या जन्मदिनाच्या आसपास, श्रीरामपूर तालुक्यातलं हे गाव माणसांनी फुलून जातं. यात्रा चर्चची, पण नवस बोलायला आणि फेडायला सगळ्या जातीधर्माची माणसं येतात. दुकानं, खाऊ, गर्दी, सगळं आपल्या कुठल्याही जत्रेसारखंच. आईला माउली म्हणायला आपल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

नगर जिल्ह्यात चर्च रुजलं ते याच वाटेनं. अमेरिकन मराठी मिशन इथं 1831 मध्ये आलं. शाळा निघाल्या, दवाखाने झाले. पण चर्चमधली गाणी बराच काळ इंग्रजी चालीवरची, आपल्या गळ्यात न बसणारी. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी टाळ, अभंग, कीर्तन सोडलं नाही, तेच उपासनेत आणलं. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात. राहुरी, नगरकडच्या जुन्या मंडळींना हे ठाऊक आहे.

आता वारं बदललंय. सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सक्ती, आमिष दाखवून कुणी कुणाचा धर्म बदलत असेल तर ते थांबलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. प्रार्थनेने आजार बरा करतो म्हणून औषध बंद करायला लावणारा कुणी असेल, तर त्याच्यासाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. तो लावा की.

पण गावात होतं काय, तर चौकशी नको, कटकट नको म्हणून पारावर, समाजमंदिरात होणारं भजन कुणाच्या तरी घरात जातं. दार लोटलं जातं. आणि बंद दाराआड काय चाललंय, ही कुजबुज मग तिथूनच सुरू होते. पारावर बसलेल्यांच्या देखत कोण आमिष दाखवणार? चारचौघांत काही वावगं झालं, तर तिथल्या तिथे विचारणारा कुणीतरी असतोच.

समाजमंदिराचा विषय आणखी नाजूक आहे. नगरकडचे बरेच ख्रिस्ती महार, मांग समाजातून आलेले. 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. शिखांना 1956 मध्ये, बौद्धांना 1990 मध्ये ती मिळाली. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिमांचा प्रश्न तपासायला केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. तोवर वस्तीतल्या समाजमंदिरात प्रार्थनेला बसायचं तरी कुणी बघेल, दाखल्याचं काय होईल, ही धाकधूक. एकाच घरात थोरला कागदोपत्री हिंदू आणि धाकटा ख्रिस्ती, हे आपल्याकडे नवीन नाही.

ग्रामपंचायतींना एक गोष्ट करता येईल. समाजमंदिराची नोंदवही ठेवायची. सप्ताह असो, बुद्धवंदना असो की नाताळची भजनं, तारीख, वेळ, जबाबदार माणसाचं नाव लिहायचं, भाडं असेल तर सगळ्यांना एकच. ग्रामसभेत पाच मिनिटांचं काम आहे. अडचण एवढीच, की हा विषय काढणाऱ्यालाच पहिलं विचारतील, "तुम्ही कधी झालात ख्रिस्ती?"