पेटीवाल्याचा कान

पु. ल. देशपांड्यांबद्दलची एक हळहळ मराठीत अजून टिकून आहे. 8 नोव्हेंबर किंवा 12 जून जवळ आला, की ती हमखास वर येते. ‘त्यांनी एकच काहीतरी धरून ठेवायला हवं होतं!’ गाण्यातल्या मंडळींना वाटतं, हा माणूस पेटीपाशीच बसून राहिला असता तर केवढा संगीतकार झाला असता. नाटकवाल्यांना वाटतं, आणखी चार स्वतंत्र नाटकं मिळाली असती. साहित्यिकांना न लिहिल्या गेलेल्या कादंबरीची रुखरुख. गंमत अशी, की पुलंनी जे सोडायला हवं होतं ते नेहमी दुसऱ्याच्या अंगणातलं असतं. स्वतःचं अंगण त्यांनी मोकळं करावं, असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

पण या हळहळीमागचा पक्ष टाकाऊ नाही. तो असा, की कला म्हणजे साधना आणि साधनेला अख्खं आयुष्य लागतं. ख्याल गाणारा वर्षानुवर्षं गुरूसमोर एकच राग घोटतो. जो आज लिहितो, उद्या चाल लावतो आणि परवा तोंडाला रंग फासतो, त्याची बैठक पक्की होणार कधी? ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असं आपले पूर्वज उगाच म्हणून गेलेले नाहीत. दाखलेही आहेत. बालगंधर्वांनी 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. रंगभूमीवर ज्यांच्यासाठी लोक वेडे होत, ते पडद्यावर कुणाच्या फारसे मनात भरले नाहीत, आणि प्रभातबरोबरचं नातं लवकरच संपलं. मास्टर दीनानाथांनी बलवंत पिक्चर्स काढली आणि त्या चित्रपटाच्या धंद्यात त्यांची पार धूळधाण झाली. ज्याचं काम त्यानं करावं, असं यावरून कुणी म्हणालं तर चटकन उत्तर सुचत नाही.

थोडं थांबलं तर सुचतं. दीनानाथांना बुडवलं ते भांडवलानं. त्यांची तान चित्रपट काढल्यामुळे बिघडली, असं त्यांचे हितशत्रूही म्हणाले नसते. बालगंधर्वांना पडदा मानवला नाही हे खरं, पण रंगभूमीवरचा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहूच शकत नाही, असा नियम त्यातून निघत नाही. कारण तीनच वर्षं आधी, 1932 साली, त्याच प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोट्यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले होते ते पन्नाशीचे गोविंदराव टेंबे. चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. हे टेंबे मुळात कोण? पेटीवादक. भास्करबुवा बखल्यांना साथ केलेला माणूस. 1911 साली ‘मानापमान’च्या चाली त्यांनी बांधल्या, पुढे स्वतः नाटकमंडळीत उभे राहिले आणि उतारवयात संगीतावर असं गद्य लिहिलं की ते आजही वाचावंसं वाटतं. एका बोलपटाच्या अपयशावरून सिद्धांत मांडायचा, तर आपल्या पहिल्याच मराठी बोलपटाचं काय करायचं?

शिवाय बालगंधर्वांचा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. ‘एका माणसाला एकच कला’ हा नियम लावला तर बालगंधर्व स्वतःच त्यात नापास होतात. ते गायक होते की नट? भामिनी किंवा रुक्मिणी उभी करताना अभिनय कुठे संपतो आणि पद कुठे सुरू होतं? 1880 सालच्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून ज्या रंगभूमीचा आपण अभिमान बाळगतो, ती उभीच आहे दोन कला एकाच देहात असण्याच्या अटीवर. त्याही आधीचा कीर्तनकार बघा. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. गायचं, हसवायचं, राजा व्हायचं, राजाचा हुजऱ्या व्हायचं, मध्येच मागच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्याला चिमटा काढायचा. त्याला कुणी म्हणालं नाही, की बुवा, अभंग तेवढा म्हणा, गोष्ट दुसरा सांगेल. कलांच्या वाटण्या झाल्या त्या पुढे, पुरस्कारांचे विभाग आणि अभ्यासक्रमाच्या पत्रिका छापू लागल्यावर.

या हळहळीच्या तळाशी एक हिशेब आहे. प्रतिभा म्हणजे जणू मोजून दिलेलं घागरभर पाणी. चार वाफ्यांना घातलं की प्रत्येकाला पाव घागर. पुलंच्या बाबतीत हा हिशेब कसा चुकतो ते जवळून पाहण्यासारखं आहे.

पेटीची साथ म्हणजे काय? गवई पुढे काय करणार हे साथीदाराला ठाऊक नसतं. त्यानं गायलेली जागा क्षणार्धात ओळखायची, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं मागे राहायचं, तो थांबला की सूर धरून ठेवायचा आणि तो पुन्हा उठला की बाजूला व्हायचं. वाईट साथीदार ती मोकळी जागा स्वतःच्या करामतीनं भरून टाकतो. चांगला साथीदार ती फक्त राखतो. वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशांच्या सहवासात पुलंचा कान याच कामावर घडला. आता ‘बटाट्याची चाळ’ घ्या. 1961पासून एकटा माणूस रंगमंचावर उभा राहून अख्खी चाळ दाखवत होता. त्या प्रयोगाची ध्वनिमुद्रणं ऐका आणि पुस्तक शेजारी उघडून ठेवा. पुस्तकात नसलेली एक गोष्ट ध्वनिमुद्रणात आहे, ती म्हणजे वाक्यांमधलं अंतर. हशा उठला की हा माणूस त्यावर बोलत नाही आणि तो पूर्ण विझायची वाटही पाहत नाही. हशा उताराला लागला की त्याच्या शेपटाशी पुढचा शब्द लागतो. इथे गवई म्हणजे समोरचं सभागृह आणि साथ करतोय तो रंगमंचावरचा नट. हे नाट्यशिक्षणातून आलं असेल, पण मला त्यात पेटी ऐकू येते.

लेखनातही तेच. अंतू बर्वा आठवतो तो रत्नागिरीच्या बोलीतल्या त्या तिरकस स्वराच्या पट्टीमुळे. ‘गणगोत’मधले रावसाहेब बेळगावच्या कानडी हेलाचं मराठी बोलतात आणि ती पट्टी शेवटपर्यंत ढळत नाही. व्यक्तिचित्रं लिहिणारे मराठीत कमी नाहीत. पण माणसाचा स्वभाव त्याच्या बोलण्याच्या लयीतून असा धरणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ करावंसं त्यांना वाटलं, यात मला नवल वाटत नाही. ते नाटकच उच्चारांवर आहे. लंडनचा विषय मराठीत आणायला ज्याला बोली सुरांसारख्या वेगळ्या ऐकू येतात असाच लेखक हवा होता. तेव्हा पेटीपायी साहित्य गेलं, ही तक्रार उलटी करून पाहावी. पेटी नसती तर यातलं कोणतं पुस्तक आहे तसं उरलं असतं?

इथवर वाचून पुलंचे भक्त खूश झाले असतील तर त्यांच्याशीही दोन शब्द आहेत. त्यांचा लाडका पुरावा म्हणजे 1953 सालचा ‘गुळाचा गणपती’. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका, सबकुछ पु. ल.! अशी यादी वाचली की मला सर्कशीतल्या जाहिरातीची आठवण होते. त्या चित्रपटातलं आजही घरोघरी असलेलं गाणं म्हणजे इंद्रायणीच्या काठचं. त्याचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आणि ते इतके अस्सल की पुष्कळांना तो एखाद्या संताचाच अभंग वाटतो. आवाज भीमसेनांचा. चाल पुलंची. म्हणजे ज्या चित्रपटाला आपण एकट्याचं कर्तृत्व म्हणून मिरवतो, त्यातली सर्वांत टिकलेली गोष्ट तिघांची आहे. यानं पुलं लहान होत नाहीत. शब्द माडगूळकरांकडून घ्यावेत आणि गळा भीमसेनांचा घ्यावा हे कळणं, हीच त्या चालीतली अर्धी समज. चॅप्लिनचंही असंच. ‘लाइमलाइट’च्या संगीताला ऑस्कर मिळालं ते 1973 साली, चित्रपट निघाल्यावर वीस वर्षांनी, आणि त्या बाहुलीवर आणखी दोन संगीतकारांची नावं होती. चॅप्लिनला स्वरलेखन येत नव्हतं. तो गुणगुणायचा आणि जाणकार ते कागदावर उतरवायचे.

भक्तांची दुसरी खोड म्हणजे सगळंच सारखं थोर मानणं. ते तसं नाही. नट म्हणून पुलं रंगमंचावर एकटे असताना जेवढे मोठे होते, तेवढे पडद्यावर नव्हते. ‘गुळाचा गणपती’नंतर त्यांनी चित्रपटाकडे पाठ फिरवली, त्याचं मला तरी दुःख नाही. त्यांच्या मोठ्या नाटकांतली बरीचशी रूपांतरं आहेत. स्वतंत्र म्हणून छातीठोकपणे पुढे करावं असं मला ‘तुझे आहे तुजपाशी’ हेच वाटतं. आणि ती कादंबरी खरोखरच नाही.

मग बहुगुणी कुणाला म्हणायचं? माझी कसोटी साधी आहे. माणसाचं नाव काढून घ्या आणि उरलेलं काम पाहा. ‘देवबाप्पा’ चित्रपटातल्या मोराच्या गाण्यावर बालवाडीतली किती पोरं नाचली असतील. संगीतकार कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्या बाईंनाही बहुधा नसावं. चाल स्वतःच्या पायांवर उभी आहे. हीच कसोटी आजच्या पुरस्कार सोहळ्यांना लावावी. मालिकेतला लोकप्रिय नायक दोन कडवी गातो, नायिका निवेदन करते, विनोदवीर कवितांचं पुस्तक काढतो. हौस म्हणून छानच. पण नाव बाजूला केलं तर त्या गाण्याला पहिल्या फेरीत कुणी घेईल का? साधनेचा आग्रह धरणाऱ्यांचा राग इथे खर्च व्हायला हवा. तो पुलंवर आणि टेंब्यांवर वाया जातो.

आणि वसंतराव देशपांड्यांवरही. नाटकात गेले आणि ख्यालाच्या मैफलीला अंतरले, अशी कुरकूर त्यांच्याबद्दलही ऐकली आहे. लहानपणी ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्ण झालेला हा मुलगा पुढे कैक वर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करत गात राहिला. डिसेंबर 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब वसंतराव. त्या भूमिकेचा अहंकार संवादात थोडा आहे आणि तानेत जास्त. प्रतिस्पर्ध्याला खिजवण्यासाठी घेतलेली तान आणि एकट्यानं, स्वतःच्या विद्येवर लुब्ध होऊन घेतलेली तान, या दोन्ही तितक्याच तयारीच्या हव्यात आणि तरी वेगळ्या ऐकू यायला हव्यात. हे करायला गवयाला नट असावं लागतं. ते मैफलीचं नुकसान होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या जागेवर दुसरा कुणी बसवून पाहावा. नुसता नट घेतला असता तर गाणं विंगेतून करावं लागलं असतं, आणि नुसता गवई घेतला असता तर दारव्हेकरांना ते नाटक लिहून कपाटात ठेवावं लागलं असतं.