पेल्यातले तपकिरी पाणी

दुपारच्या वेळी, घरातील कर्ती मंडळी कामावर गेलेली असताना, जलशुद्धीकरण यंत्राचा विक्रेता दाराशी उभा राहतो. तो एका पेल्यात आपल्या नळाचे पाणी घेतो, दुसऱ्यात स्वतःच्या यंत्रातले. विजेवर चालणाऱ्या एका लहानशा उपकरणाच्या धातूच्या कांड्या दोन्ही पेल्यांत सोडतो आणि बटण दाबतो. दोन-तीन मिनिटांत नळाचे पाणी गढूळ, हिरवट-तपकिरी होते, वर मळकट साय धरते. त्याचे पाणी मात्र जवळजवळ स्वच्छ राहते. “आजी, हे तुम्ही रोज पिता!” एवढेच वाक्य उरते. पुढे पावतीपुस्तक निघते आणि निवृत्तिवेतनातले काही हजार रुपये जातात.

वाचकहो, या पेल्यात घडले ते खोटे नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. त्या कांड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात, काही अॅल्युमिनियमच्या. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते आणि तिचे लोह गंजाच्या रूपाने पाण्यात उतरते. तो तपकिरी गाळ आपल्या नळातून आलेला नसून विक्रेत्याच्या कांडीतून आलेला असतो. त्याच्या यंत्रातील पाण्यातले क्षार जवळजवळ काढून टाकलेले असतात. तेथे वीज वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही आणि पाणी निवळ दिसते.

याची परीक्षा सोपी आहे. विक्रेत्याला नम्रपणे सांगावे, “आपल्याच स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ घाला आणि उपकरण पुन्हा लावा.” मीठ तर आपण रोज भाजीत घालतो, ते विष नव्हे. तरीही त्याचे पाणी तितकेच, कदाचित अधिकच, तपकिरी होईल. बहुतेक विक्रेत्यांना या टप्प्यावर पुढच्या घरी जाण्याची घाई होते. (हे उपकरण घरच्या विजेवर चालते, ते विकत आणून स्वतः करून पाहण्याच्या फंदात कोणी पडू नये.) पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार मोजणाऱ्या लेखणीसारख्या यंत्राचेही तसेच. ते क्षारांचा अंदाज देते. जंतूंविषयी एक अक्षर सांगत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह मानले जातात, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात. आकडा तीनशे दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आणि आकडा पन्नास आला तरी पाणी जंतुमुक्त आहे असे ठरत नाही.

हीच लोखंडी कांडी दुसऱ्या वेशातही भेटते. पाय कोमट खारट पाण्यात ठेवायचे, वीज सोडायची, अर्ध्या तासात पाणी गडद तपकिरी: ‘शरीरातील विषद्रव्ये तळव्यांतून बाहेर पडली’! ब्रिटनमधील डॉक्टर व लेखक बेन गोल्डेकर यांनी ‘बॅड सायन्स’ या आपल्या पुस्तकात अशा पाण्यात माणसाच्या पायांऐवजी बाहुली ठेवल्याची हकिगत दिली आहे. पाणी तसेच तपकिरी झाले. बाहुलीला यकृत नसते, मूत्रपिंडे नसतात आणि विषद्रव्येही नसतात. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी तर अशा कोमट पाण्याच्या उपचारापासून दूरच राहावे. पाणी किती गरम आहे हे त्यांच्या पायांना कळतेच असे नाही.

खरा घरगुती प्रयोग आणि बनावट प्रयोग यांतील भेद मीठ आणि बाहुली या दोन साध्या गोष्टींत आहे. ज्याला दोष द्यायचा ती वस्तू बाजूला काढून तोच प्रयोग पुन्हा करावा. तरीही तोच परिणाम दिसला, तर दोष त्या वस्तूचा नव्हे. मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितींत हा दुसरा पेला सहसा नसतोच. पार्श्वसंगीत मात्र हमखास असते.

प्लास्टिकच्या तांदळाचीच गोष्ट घ्या. भाताचा गोळा करून जमिनीवर आपटतात, तो उसळतो, आणि बघणारा हादरतो. आपल्या नेहमीच्या, वर्षानुवर्षे खात आलेल्या तांदळाचा मऊ भात घट्ट वळून आपटून पाहावा; तोही उसळतो, कारण भातातील पिष्ट चिकट आणि लवचिक असते. दाणे तापवले तर ते करपून काळे होतात, प्लास्टिकसारखे वितळून त्यांचे थेंब गळत नाहीत. रेशनच्या तांदळात मात्र काही दाणे खरोखरच वेगळे दिसलेले आहेत, आणि ते वेचून फेकणाऱ्या गृहिणींना मी दोष देणार नाही, कारण त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलेच नव्हते. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून पोषणमूल्ये वाढवलेला तांदूळ देण्याची घोषणा केली. त्यासाठी तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून तांदळाच्याच आकाराचे दाणे घडवले जातात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळले जातात. त्यांचा रंग व वजन थोडे निराळे असते. ‘प्लास्टिक’ म्हणून कचऱ्यात गेले ते नेमके हेच दाणे.

घरी होणारे सगळेच प्रयोग फसवे असतात असे मात्र समजू नये. दुधात पिष्ट मिसळले आहे का, हे पाहण्याची आयोडिनची चाचणी खरी आहे आणि अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या भेसळविषयक पुस्तिकेतही ती दिलेली आहे. दोन-तीन मिलिलिटर दूध थोड्या पाण्यात उकळून थंड करावे आणि त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्ट आहे. शेजारी दोन पेले अवश्य ठेवावेत: एकात मुद्दाम चिमूटभर मैदा घालून उकळलेले दूध, दुसऱ्यात नुसते पाणी. रंग पहिल्यात यायला हवा, दुसऱ्यात नको. नातवंडे सुटीत घरी असतील तर त्यांच्याकडून हे करवून घ्यावे. चाचणीचे दूध ताबडतोब ओतून द्यावे. रंग आला नाही तर दुधात पिष्ट नाही एवढेच कळते. पाणी, युरिया, साखर यांविषयी ही चाचणी मूक असते.

मधाचा थेंब पाण्यात टाकण्याची परीक्षा याहून दुबळी. थेंब न विरघळता तळाशी बसला की मध अस्सल, असे सांगतात. साखरेचा घट्ट पाक करून, थंड करून त्याचा थेंब टाकून पाहावा; तोही तसाच तळ गाठतो. पाणी घालून पातळ केलेला मध या परीक्षेत सापडतो, पाक घातलेला सुटतो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती औषधांवर केल्या जाणाऱ्या प्रयोगांची. पाणी आणि तांदूळ यांत फार तर पैसे आणि पोषण जाते. येथे नीट चाललेले औषध बंद पडते. गोळी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये टाकतात, ती तासभर विरघळत नाही, आणि निष्कर्ष निघतो की गोळी बनावट आहे. पँटोप्राझोलसारख्या आम्लपित्तावरील गोळ्यांना असे आवरण मुद्दाम दिलेले असते, की ते जठराच्या आम्लात टिकावे आणि पुढे लहान आतड्यात उघडावे. आम्लात न विरघळणे हे त्या गोळीचे कामच आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या काही प्रकारांत औषध हळूहळू झिरपून जाते आणि रिकामे कवच शौचावाटे बाहेर पडते. ते दिसले की ‘गोळी पचतच नाही’ असा समज होतो आणि ती परस्पर थांबवली जाते.

याच गोळ्यांबाबत सेवा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गिळायला त्रास होतो म्हणून गोळी कुटून केळ्यात कालवून देण्याची पद्धत घरोघरी आहे. पाकिटावर नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ अशी रोमन अक्षरे असतील, तर ती गोळी कुटल्यावर दिवसभराचे औषध एकदम शरीरात उतरू शकते. आतड्यात उघडणारी गोळी कुटली तर तिचे आवरणच निरुपयोगी होते. कुटण्याआधी औषधाच्या दुकानात पाकीट दाखवून विचारावे, आणि तीच गोळी द्रवरूपात किंवा दुसऱ्या प्रकारात मिळते का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायला लिहून ठेवावे.