सरळ अक्षर, वाकडा फोन

‘कळतंय ना? मग झालं तर!’ असं म्हणणाऱ्या माणसांवर सरकारने कर बसवावा, अशी माझी जुनी मागणी आहे. आमचा मेहुणा एकटाच राज्याची तूट भरून काढील.

निवृत्तीनंतर मी जपानी शिकायला लागलो. पुण्यात याला कोणी वेडेपणा समजत नाही. जपानीत कांजी नावाची अक्षरं असतात. ती मूळची चीनची. पण शेकडो वर्षं जपानात नांदल्यामुळे त्यातल्या काहींचं वळण बदललं. आता गंमत बघा. ‘हाड’ या अर्थाच्या अक्षराच्या माथ्यावर एक छोटा कोनाडा असतो. पुस्तकात तो उजवीकडे, माझ्या फोनवर डावीकडे. ‘सरळ’ या अर्थाच्या अक्षरात डावीकडून उतरून तळाशी उजवीकडे वळणारी रेघ असते. फोनवर ती गायब, खाली नुसती आडवी पट्टी! याच अक्षराने ‘दुरुस्त करणे’ हे क्रियापद लिहितात. म्हणजे दुरुस्तीलाच दुरुस्ती हवी.

फोन बिघडलेला नसतो. तो बिनदिक्कत चिनी वळण दाखवत असतो. शेजारची काना अक्षरं जपानी आणि मधली कांजी चिनी, म्हणजे एकाच पंगतीत पुरणपोळीवर रस्सम. जपानी लोक याला ‘चूका फॉन्ट’ म्हणतात. चूका म्हणजे चिनी. पण मराठी माणसाला अर्थ वेगळा सांगायला नको.

हे झालं कसं? जगातल्या सगळ्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिने १९९२ साली चीन, तैवान, जपान आणि कोरिया यांची अक्षरं एकत्र करून २०,९०२ क्रमांक दिले. तेव्हा एकूण जागाच ६५,५३६. टंचाई म्हटल्यावर चाळीतल्यासारखी दोन-दोन बिऱ्हाडं एका खोलीत घातली. क्रमांक एक, चेहरा कोणता दाखवायचा ते फोनने ठरवायचं. आणि इंग्रजीत चालणाऱ्या फोनला जपानीची कल्पनाच नसेल, तर तो बहुधा चिनी चेहरा पुढे करतो.

टंचाई होती, कबूल. पण १९९६ साली जागा अकरा लाखांवर गेल्या. तरी बिऱ्हाडं तिथेच! एकदा दिलेला क्रमांक हलवायचा नाही, हा नियमही समजू शकतो. पण २०१० साली जपानी फोनमधल्या चित्रांना क्रमांक दिले, त्यात हसऱ्या शेणगोळ्यालाही स्वतंत्र खोली मिळाली. ‘सरळ’ मात्र अजून पोटभाडेकरू!

‘भाऊजी, अर्थ लागतोय ना? मग झालं तर!’ इति मेहुणा. याच गृहस्थाच्या आडनावातल्या ‘ण’चा रेशन कार्डावर ‘न’ झाला, तेव्हा त्याने कचेरीत अकरा चकरा मारल्या. तिथला कारकूनही अर्थ लागतोय असंच म्हणत होता.

उपाय आहे. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून फोनच्या सेटिंगमध्ये एकाखाली एक भाषा लावता येतात. पहिली तुमची ठेवा, दुसरी जपानी घाला; कांजी बऱ्याच ठिकाणी सुतासारखी सरळ होते. पण हे मी का शोधून काढायचं? चहा की कॉफी एवढं पाहुण्याला आम्ही विचारतो. हजारो रुपयांच्या यंत्राला ‘चिनी की जपानी?’ एवढं विचारता येऊ नये?

आणि जपानचं दुखणं म्हणून हसू नका. आपला ‘ल’ पाकळीचा, ‘श’ देठाचा. २००९ साली महाराष्ट्र शासनाने तसा निर्णयच काढला. पण हिंदी आणि मराठी ‘ल’चा क्रमांक एकच! फोनने शासन निर्णय वाचलेला नसल्यामुळे तो बहुतेक वेळा हिंदी वळणाचा ‘ल’ दाखवतो, आणि आपण ‘लग्नाला यायचं हं’ असं त्याच ‘ल’ने निमंत्रण धाडतो.

जपानी माणूस निदान चिडतो. त्याने या रोगाला नावही ठेवलं आहे. आपल्याकडे नाव ठेवायला आधी फरक दिसायला हवा. तेव्हा आज एवढंच करा: फोनवर ‘लाल’ लिहा, शेजारी कागदावर ‘लाल’ लिहा, आणि दोन्ही नीट बघा. कागदावरचा ‘ल’ही फोनसारखाच उमटला, तर मात्र मेहुण्यावरचा कर आपण सगळ्यांनी वाटून भरायला हरकत नाही.