चार दिवसांचे पाहुणे

क्वालालंपूरला शिकणारी आपल्या ओळखीतली सहा मुलं सत्राच्या सुट्टीत चार दिवस इंडोनेशियातल्या गिली त्रावांगान बेटावर जाऊन आली. फोटो इकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहोचले आणि दोन तट पडले. एक म्हणाला, "तौबा! हे तर दारू-पार्टीचं बेट. आईबापांनी पाठवलंच कसं?" दुसरा म्हणाला, "मुलं मोठी झालीत, करू द्या मजा." फोटोत दोन मुलीही होत्या, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढला. दोनशे मेसेज झाले, पण त्या बेटावर राहणाऱ्या माणसांबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

सासाक भाषेत 'गिली' म्हणजे छोटं बेट. लोम्बोकच्या वायव्य किनाऱ्याजवळ अशी तीन बेटं आहेत: त्रावांगान, मेनो आणि आयर. त्रावांगान त्यांतलं सर्वांत मोठं, तरी लांबी जेमतेम तीन किलोमीटर आणि रुंदी दोन. दोन-अडीच तासांत पायी फेरी पूर्ण होते. बेटावर पेट्रोलच्या गाड्या नाहीत. सायकली आहेत आणि 'चिदोमो' नावाच्या घोडागाड्या. पूर्व किनाऱ्यावर बार, डायव्हिंगची दुकानं, रात्रभर वाजणारं संगीत. तिथून काही पावलं आत गेलं की गाव, शाळेत जाणारी मुलं आणि मशीद. गावातले बहुतेक लोक मुसलमान आहेत. काही घराणी सुलावेसीहून आलेल्या बुगी कोळ्यांची, बाकीचे बरेचसे लोम्बोकचे सासाक. लोम्बोकला तर 'हजार मशिदींचं बेट' म्हणतात. पार्टीहून परतणारे आणि फज्रला निघालेले लोक इथे एकाच गल्लीत समोरासमोर येतात.

हे ऐकलं की आपल्याकडचा ठरलेला सवाल येतो: "मुसलमान असून हे चालू देतात?" सवाल विचारणाऱ्यांनी जरा घरातलेच जुने फोटो काढून बघावेत. कोकणातले आपले किती चाचा-मामू आखातातल्या अशा हॉटेलांत राबले, जिथे दारूचं काउंटर होतं? त्याच पगारातून बहिणींची लग्नं झाली, घरांवर स्लॅब पडले. त्यांची मजबुरी आपल्याला समजते. मग गिलीवर बोट चालवणारा, खोल्या झाडणारी, मासे भाजणारा यांची का समजू नये? मासेमारीवर जगणाऱ्या या बेटावर १९८० च्या दशकापासून पाठपिशवीवाले पर्यटक येऊ लागले आणि पुढे बेटाची चूल त्यांच्यावरच पेटू लागली. तरीही रमजानमध्ये तिथे रात्रीच्या पार्ट्या आणि मोठा आवाज आवरता घेतला जातो. म्हणजे ही माणसं आपली हद्द कुठेतरी आखत असतात. प्रश्न एवढाच, की ती रेघ पाहुण्यांना दिसते का?

५ ऑगस्ट २०१८ ला उत्तर लोम्बोकमध्ये ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. लोम्बोकमध्ये पाचशेहून अधिक माणसं दगावली. गिलीवरचे हजारो पर्यटक बोटींसाठी किनाऱ्यावर गर्दी करून उभे होते. ते गेले, आणि जाणारच; जीव कुणाला प्यारा नसतो? पण पडलेली घरं उभी करायला गाववालेच मागे राहिले. दोन वर्षांत कोविड आला आणि बोटी रिकाम्या झाल्या. पाहुण्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं, यजमानाच्या नसतं. हा फरक ज्याला कळला, त्याला पाहुण्याचा अदब वेगळा शिकवावा लागत नाही.

आपण मात्र अदब म्हणजे मनाईची यादी समजतो. दारू नको, नाच नको, मुलामुलींनी एकत्र नको. दारू हराम आहे, यात वाद नाही. पण समजा सहाही मुलं एक थेंब न पिता परतली, आणि चार दिवस गोडं पाणी नळ मोकळा सोडून वापरलं, जिथे गोड्या पाण्याची टंचाई आहे. पोहण्याच्या कपड्यांत गावातून फिरली, जिथे 'असं फिरू नका' अशा पाट्या लावाव्या लागतात. उन्हात थकलेल्या घोड्याच्या गाडीत सहाजण सामानासकट चढली. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या तीन किलोमीटरच्या बेटावर टाकून आली. ही सहल पाक झाली का? तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपण मुलांना लहानपणीच सांगतो. चिदोमोच्या घोड्याजवळ उभं राहिल्यावर ती त्यांना आठवायला हवी.

आता आईबापांच्या काळजीबद्दल. ती खोटी नाही. इंडोनेशियात भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलने माणसं आंधळी झाली आहेत, मेली आहेत. २०१३ च्या नववर्षाला गिलीवर दारू प्यायलेला एक ऑस्ट्रेलियन तरुण काही दिवसांत गेला. मिथेनॉल चवीवरून ओळखू येत नाही. अमली पदार्थांचे कायदे इतके कडक, की तस्करीला मृत्युदंड आहे आणि थोडा माल सापडला तरी तुरुंग. हे सगळं मुलांना माहीत हवं. पण ते सांगणार कोण? ज्या घरात 'बेटावर जायचं नाही' एवढंच बोलणं होतं, तिथलं मूल 'लायब्ररीत आहे' सांगून जातं. मग रात्री दोन वाजता मित्राची नजर अंधुक झाली, तर ते घरी फोन करेल? खोटं बोलून गेलेलं मूल संकटात सगळ्यात एकटं पडतं.

आणि अशा वादांचा पहिला दंड मुलींना होतो. मुलगे पुढच्या वर्षी फिरतीलच. मुलींची मात्र सहल बंद होते, मग हॉस्टेल बंद होतं, मग शिक्षण. वर्गात मी हे होताना पाहिलं आहे. चार फोटोंवरून दोनशे मेसेज लिहिणाऱ्यांनी आपण कुणाचं दार लावतो आहोत, याचा विचार करावा.

कुरआन वारंवार जमिनीवर फिरून बघायला सांगतो. इब्न बतूता चौदाव्या शतकात सुमात्रापर्यंत पोहोचला. त्याने माणसं, रिवाज, बाजार पाहून सांगितले, म्हणून आजही तो वाचला जातो. आपल्या मुलांनाही ही नजर देऊन पाठवता येईल. निघण्याआधी एक संध्याकाळ त्या जागेबद्दल वाचा म्हणावं. चारांतला एक दिवस लोम्बोकला द्या; साडेतीन हजार मीटरहून उंच रिंजानी आहे, सासाक बायकांचे माग आहेत. जेवण गावातल्या साध्या वारुंगमध्ये घ्या, म्हणजे पैसा त्या घरात जाईल. जुम्मा आला तर गावातल्या मशिदीत जा. शेजारच्या माणसाला सलाम केला की ओळख व्हायला भाषा अडत नाही. 'मी पीत नाही' हे वाक्य न लाजता, समोरच्याला न हिणवता म्हणायची सवय घरातूनच लावा. आणि काहीही झालं तरी आधी घरी फोन करायचा, ओरडा नंतर खायचा, असा करार करा.

मुलं परतली की 'काय काय केलंस?' याची उलटतपासणी जरूर घ्या. फक्त त्यात एक प्रश्न वाढवा: ज्यांच्या गावात चार दिवस राहिलास, त्यांतल्या एकाचं तरी नाव सांग.