समजून घ्या : मागचे पाटे वाढवले की पिकअपची ताकद वाढते का?

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की लातूरच्या आडत बाजाराकडे आणि नांदेडच्या नव्या मोंढ्याकडे पिकअपची वर्दळ वाढते. त्यातल्या काही गाड्या मागून इतक्या बसलेल्या असतात की त्यांचे हेडलाइट रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतात. यावरचा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘मागे दोन पाटे वाढवून घ्या’. आता मोबाइलवर ‘लेव्हलिंग किट’च्या जाहिरातीही दिसू लागल्या आहेत. या दोन्ही उपायांनी गाडी लेव्हलला येते, हे खरे. पण ती जास्त वजन पेलू लागते, हे खरे नाही. पैसे मोजण्याआधी हा फरक समजून घ्यायला हवा.

रिकामी पिकअप मागून उंच का असते?

तो दोष नाही, कंपनीने तशीच ठेवलेली रचना आहे. माल भरल्यावर मागचा भाग काही इंच खाली येणार, हे गृहीत धरून मागचे पाटे कमानदार ठेवलेले असतात. मर्यादेइतका माल भरला की गाडी साधारण सरळ उभी राहते.

लेव्हलिंग किट म्हणजे काय?

ही कल्पना मुख्यतः अमेरिकेतली. तिथे पिकअप बऱ्याचदा घरगुती गाडी म्हणून वापरतात. रिकामी गाडी पुढून खाली दिसू नये म्हणून पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्पेसर घालून ती इंच-दोन इंच उचलतात. भारतात इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांना असे किट बसवता येते. पण मालवाहू गाडीचे गणित उलटे आहे. पुढून उचललेल्या गाडीत माल भरला की मागचा भाग बसतो, नाक आणखी वर जाते, हेडलाइट आभाळाकडे बघू लागतात. माल वाहणाऱ्याला या किटचा उपयोग जवळपास शून्य.

मग जादा पाटे टाकले तर?

पाटे वाढवल्याने मागची स्प्रिंग कडक होते आणि गाडी कमी बसते. मात्र ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस तेच राहतात. गाडीची भार वाहण्याची मर्यादा या सगळ्यांचा विचार करून ठरते. गाडी बसत नाही म्हणून माल आणखी चढवला जातो आणि ताण टायर, बेअरिंग व ब्रेकवर जातो. गाडी बसणे ही एक प्रकारची सूचना असते. जादा पाटे ती सूचनाच बंद करतात.

दुसरा धोका ब्रेकचा. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा एक व्हॉल्व्ह असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘एलएसपीव्ही’ म्हणतात. चेसिस आणि ॲक्सल यांच्यातले अंतर कमी झाले की गाडी भरलेली आहे असे तो धरतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवल्यावर हे अंतर कमी होत नाही. गाडी रिकामी आहे असे समजून व्हॉल्व्ह मागचा दाब कमीच ठेवतो. म्हणजे भरलेल्या गाडीला ब्रेक लागतात ते रिकाम्या गाडीच्या हिशेबाने.

तिसरा त्रास परतीच्या फेरीत. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. कडक पाट्यांची रिकामी गाडी अशा रस्त्यावर उड्या मारते, मागची चाके क्षणभर रस्ता सोडतात. ओल्या रस्त्यावर नेमकी तिथेच गाडी घसरते.

आधी काय तपासावे?

सपाट जागेवर, हवा बरोबर भरून, रिकाम्या गाडीच्या चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. मागच्या डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल तर एखादा पाटा तुटलेला किंवा सपाट झालेला असू शकतो. नंतर मर्यादेइतका माल भरून पुन्हा मोजावे. तेवढ्यातच ॲक्सल रबरी ठोकळ्याला टेकत असेल तर पाटे थकले आहेत. अशा वेळी पाटे वाढवू नयेत; कंपनीच्या मापाचेच नवे पाटे दोन्ही बाजूंना एकदम बसवावेत. यू-बोल्टही नवे घ्यावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. शेवटी अलाइनमेंट, हेडलाइटची दिशा आणि असल्यास एलएसपीव्ही तपासून घ्यावे.

किती माल भरता येतो?

उत्तर आरसीवर आहे. एकूण वजनातून रिकामे वजन वजा करावे. समजा, एकूण वजन 3,000 किलो आणि रिकामे 1,700 किलो आहे. उरले 1,300. रिकाम्या वजनात चालक आणि हमाल धरलेले नसतात. दोघांचे 140 किलो वजा केले की मालासाठी 1,160 किलो, म्हणजे साडेअकरा क्विंटलच्या आसपास उरतात. नंतर लावलेला लोखंडी पिंजराही यातूनच वजा होतो. भरताना जड पोती केबिनकडे रचावीत. सगळा भार शेपटाकडे गेला तर मर्यादेतला मालही गाडी बसवतो आणि स्टिअरिंग हलके करतो.

कायदा काय म्हणतो?

कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हेच अधोरेखित केले. कलम 182-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जादा भारासाठी कलम 194 मध्ये 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. हे कलम चालकापुरते नाही. तशी गाडी चालवायला लावणाराही त्यात येतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एका फेरीत जास्त पोती न्यावीत, हा आग्रह बऱ्याचदा मालकाचा किंवा चालकाचा नसतो. भाडे ठरवणाऱ्याचा असतो. नकार दिला तर भाडे दुसऱ्या गाडीला जाते. म्हणून दंडाचा बडगा फक्त रस्त्यावर उगारून भागणार नाही. माल जिथे चढतो, तिथल्याच काट्यावर गाडीचे वजन पाहण्याची सवय व्यापारी आणि बाजार समित्यांनी लावायला हवी.

पिकअप मालकाने मात्र एवढे पक्के ठेवावे : थकलेले पाटे बदलणे ही दुरुस्ती आहे आणि जास्त मालासाठी पाटे वाढवणे हा जुगार आहे. रोजचा माल मर्यादेबाहेर जात असेल तर एक फेरी वाढवावी किंवा मोठ्या क्षमतेची गाडी घ्यावी. अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठणाऱ्या भरल्या गाडीला ऐनवेळी थांबवतात ते ब्रेक. वाढवलेले पाटे तिथे कामाला येत नाहीत.