डोळ्यातला चुना आणि शरीराचे राखणदार



शेलूबाजार-मंगरुळपीर भागात संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लागते, कपाशी-तुरीवर फवारणी होते, दिवाळीला भिंतींसाठी चुना भिजतो, आणि तंबाखूबरोबर चुन्याची डबी तर घरोघरी असते. यातला एखादा शिंतोडा डोळ्यात उडाला तर काय होते, ते आज पाहू. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, अनेकांच्या डोळ्यांवरही परिणाम झाला, हे आपण विसरलेलो नाही.

आम्लाने बुबुळाचा वरचा थर थिजतो आणि पुष्कळदा तोच पुढची आडकाठी होतो. चुना मात्र थर विरघळवीत आत आत शिरतो. म्हणून चुन्याची जखम अधिक वाईट.

डोळा भाजला की शरीर स्वस्थ बसत नाही. काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. पहिली टोळी घाईची असते. ती आपला जळजळीत रस सोडून मेलेला भाग मोकळा करते. मागून भक्षक पेशी येतात. त्या सगळा कचरा गिळतात आणि जखम भरून काढण्याचा निरोप आसपासच्या पेशींना देतात. १८८२ साली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पिल्लाला काटा टोचून अशा पेशी गोळा होताना पाहिल्या. त्या कामासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

काम झाले की या राखणदारांनी परत जायचे असते. पण चुन्याचा कण पापणीखाली अडकून राहिला तर ते जातच नाहीत. निंदणाऱ्याने तणाबरोबर पीकही उपटावे, तसे ते बुबुळाचा धड भागही पोखरतात. मग बुबुळावर रक्तवाहिन्या चढतात, डोळ्यात फूल पडते. बुबुळाच्या कडेला नव्या पेशींची जणू रोपवाटिकाच असते. तीच जळाली तर जखम नीट भरत नाही. अशा वेळी चांगल्या डोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे कण जखमी डोळ्यावर लावतात. ही सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ साली जगापुढे मांडली.

पण ही वेळ येऊ नये, म्हणून पाणी आधी आणि दवाखाना नंतर. हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवा. जखमी डोळा खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या उघडून धरा. चुन्याचा कण दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाने अलगद काढा. डोळा चोळू नका. तूप, मध, गुलाबपाणी, बाईचे दूध यांपैकी काहीही घालू नका. मग औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

डॉक्टर सूज उतरवणारे थेंब देतात, ते या राखणदारांना आवरण्यासाठीच. ते किती दिवस घालायचे, हे डॉक्टरच ठरवतील. दुकानातून आपल्या मनाने आणलेले तेच थेंब भलत्या वेळी घातले तर जखम भरत नाही.

तेव्हा फवारणीला निघताना बांधावर एक कळशी स्वच्छ पाणी ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि चुन्याची डबी पोरांच्या हाती लागू देऊ नका.